काळ्याला काळं

मुळात काळी असलेली वस्तू आणखी काळी करण्यासाठी माणूस पैसे मोजतो, रविवारची झोप मोडतो आणि गुडघ्यांच्या शिव्या खातो, हे सांगितलं तर खोटं वाटेल. पण पाऊस ओसरू लागला, दसरा जवळ आला, की पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सातच्या सुमाराला एक चक्कर टाका. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत बर्म्युडा घातलेलं एखादं मध्यमवयीन ध्यान उकिडवं बसलेलं दिसेल. हातात स्पंज, पायाशी बाटली आणि चेहऱ्यावर ऑफिसात कधीही न दिसलेली एकाग्रता. हा गृहस्थ गाडीच्या टायरला पॉलिश लावत असतो. आमच्या सोसायटीत हे ध्यान म्हणजे मी.

गाडी धुण्याचं समर्थन करता येतं. काच पुसली तर समोरचं दिसतं. पत्रा धुतला तर गंज लांबतो. सीटा झाडल्या तर मागच्या सहलीतला चिवडा सापडतो. टायर पॉलिशच्या बाजूने बोलायला मात्र काहीच नाही. त्याने गाडी जोरात पळत नाही, ॲव्हरेज वाढत नाही, टायर चार किलोमीटरही जास्त जात नाही. बाटलीवर 'उन्हापासून संरक्षण' वगैरे छापलेलं असतं. पण बाटल्यांवर काय वाटेल ते छापतात. केसांच्या तेलाच्या बाटलीवरही छापतात, आणि त्याचा पडताळा माझ्या डोक्याकडे पाहून कुणालाही घेता येईल.

त्यातून टायर म्हणजे चिखलात जाण्यासाठीच जन्माला आलेला जीव. घरातून याबद्दल विचारणा झाली ती एवढीच.

"हे टायर उद्या कुठे जाणार?"

"रस्त्यावर."

"मग?"

या 'मग?'ला उत्तर नाही. शोधत बसलं तर ऊन वर येतं, आणि तापलेल्या टायरवर पॉलिश नीट बसत नाही.

शेजाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका दूध घेऊन परत येताना हमखास थांबतात. "काय, विकायला काढली का?" त्यांचंही चुकत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात आधी टायर चमकतात, मग बाकीची गाडी. गिऱ्हाईक येतं, चमक बघतं आणि टायरला हलकेच एक लाथ मारून मान डोलावतं. लाथ मारून गाडी पारखायची ही विद्या आपल्याकडे सर्वत्र आहे. त्या लाथेतून नेमकं काय कळतं, हे मारणाऱ्यालाही माहीत नसतं आणि खाणाऱ्यालाही. पण गोटा झालेल्या टायरच्या बाजूंना पॉलिश चोपडून त्याला 'नव्यासारखा' म्हणून खपवणारे लोक आहेत, म्हणून काकांचा संशय मी मनावर घेत नाही.

पॉलिशच्या आधी टायर धुवायचा असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. नुसतं पाणी मारून भागत नाही. बाथरूमची फरशी घासण्यातून निवृत्त झालेला कडक ब्रश घ्यायचा, बादलीत थोडा शाम्पू, आणि गोल गोल घासत सुटायचं. जरा वेळाने फेस तपकिरी व्हायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी ही माती! माती असतेच, पण तो तपकिरी रंग बराचसा टायरच्या पोटातून आलेला असतो. हवेतला ओझोन हा रबराचा जुना वैरी. तो रबराला बारीक बारीक चिरा पाडतो. म्हणून टायर बनवतानाच रबरात ओझोनला तोंड देणारं एक रसायन आणि थोडं मेण कालवून ठेवतात. गाडी चालते, टायर दबतो, सैलावतो, तसतसं हे सगळं हळूहळू बाहेर झिरपत राहतं, ओझोनशी स्वतः भिडतं आणि तपकिरी पडतं. म्हणजे आपण ज्याला मळ समजून दातओठ खाऊन घासतो, ते टायरने स्वतःच अंगाला लावून घेतलेलं औषध असतं. ते आपण धुऊन काढतो आणि वर बाजारातून आणलेलं पॉलिश लावतो. अधूनमधून घासल्याने टायरचं काही बिघडत नाही, आतला साठा भरपूर असतो. पण टायरला बोलता आलं असतं तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बराच वाद झाला असता.

हे औषध वर येण्यासाठी गाडी चालत राहावी लागते. आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात राखाडी कव्हरखाली एक गाडी आहे. मालक मुलीकडे अमेरिकेत असतात, हिवाळ्यात येऊन जातात. गाडी फारशी धावलेलीच नाही, टायरची नक्षी जवळजवळ जशीच्या तशी. पण कव्हर जरा वर उचलून पाहिलं तर बाजूंवर चिरा दिसतात, आणि चारही टायर एकाच जागी दबून बुडाशी चपटे झालेत. त्यांना कितीही पॉलिश लावलं तरी ते रस्त्यावर नेण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. वॉचमन मात्र तिच्यावर खूश आहे. कधी हलत नाही, कुणाची वाट अडवत नाही.

धुतलेला टायर वाळेपर्यंत थांबावं लागतं. या रिकाम्या वेळात सुचलेली गोष्ट अशी, की रबर मुळात काळं नसतंच. झाडाचा चीक पांढरा असतो. त्यासाठी केरळात जायला नको. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला गेलात तरी रबराच्या खोडांना बांधलेल्या वाट्या आणि त्यांत थेंब थेंब पडणारा पांढरा चीक दिसतो. सुरुवातीच्या काळातले टायर फिकट रंगाचेच असत. मिशलिन कंपनीचा तो टायरच्या वळ्यावळ्यांचा गुबगुबीत माणूस १८९८ सालचा आहे, म्हणून तो पांढरा. पुढे १९१० नंतरच्या काळात रबरात कार्बन ब्लॅक घालायला लागले, म्हणजे शुद्ध मराठीत काजळी. तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून धरलेली. ती घातल्यावर रबर झिजायला कितीतरी जास्त वेळ लागतो, उन्हालाही ते पुरून उरतं. आजच्या मोटारीच्या टायरच्या वजनात पाव हिश्श्याच्या आसपास ही काजळीच असते. थोडक्यात, कारखान्यातच टायर आरपार काळा केलेला आहे. वर आपला हात फिरतो तो निव्वळ हौसेचा.

आता पॉलिश. दुकानात याच्या दोन जाती मिळतात. एक पाण्यात कालवलेलं, दुधी रंगाचं. ते लावलं की टायर आधी पांढरट दिसतो आणि वाळला की नव्या टायरसारखा, बेताचा काळा. दुसरं तेलकट, द्रावकातलं. ते लावलं की टायर भर उन्हाळ्यातही नुकताच पावसातून आल्यासारखा ओला चकचकीत. दोन्हींत मुख्य माल सिलिकॉनचाच. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. दुसऱ्याची चमक जास्त, पण त्यावर धूळही पटकन बसते, आणि पुण्यात सध्या इतक्या ठिकाणी रस्ते खणलेत की संध्याकाळपर्यंत टायर मातकट होतो. आमच्याकडे गाड्या पुसायला येणारा पोरगा मी एक चाक संपवेपर्यंत निम्मी रांग पुसून पुढे गेलेला असतो. जाता जाता बोलतो, "काका, कमी लावा. धूळ धरतंय." या विषयातला त्याचा अधिकार बाटलीपेक्षा मोठा आहे.

घरगुती उपायवाल्यांची एक वेगळी शाखा आहे. कुणी खोबरेल सांगतं. टायर चमकतो, आणि दुपारपर्यंत सोसायटीतली सगळी धूळ त्याच्याकडे राहायला येते. कुणी ग्लिसरीन पाण्यात घालून लावतं. ते निरुपद्रवी, पण पहिल्या सरीत वाहून जातं. एकांनी बुटाचं चेरी पॉलिश लावलं होतं. टायर सुंदर दिसत होता, फक्त त्याला टेकून उभ्या राहिलेल्यांच्या पँटी पाहवत नव्हत्या. यांत वाईट उपाय म्हणजे डिझेल आणि जळकं ऑइल. गाडी धुऊन झाली की वॉशिंग सेंटरवरचा पोऱ्या मायेने विचारतो, "साहेब, डिझेल मारू का?" नको म्हणावं. पेट्रोल, डिझेल, ऑइल ही मंडळी रबर फुगवतात आणि मऊ करतात. चमक दोन दिवस टिकते, दुखणं टायरच्या पदरात कायमचं पडतं.

लावायची पद्धत साधी आहे. स्पंजवर थोडंसं घ्यायचं, टायरच्या बाजूवर पातळ हात फिरवायचा, उरलेलं कोरड्या फडक्याने टिपायचं, आणि अर्धा तास तरी गाडी हलवायची नाही. हा अर्धा तास आपल्या लोकांना जमत नाही. आमच्याच इमारतीतल्या एका पांढऱ्याशुभ्र गाडीने लग्नाला जाण्याच्या घाईत ओल्या टायरांनी गेट ओलांडलं आणि हॉलवर पोहोचली तेव्हा चारही चाकांच्या मागे पत्र्यावर काळ्या ठिपक्यांची रांगोळी होती. चाक फिरलं की अंगावरचं जास्तीचं सगळं बाहेर भिरकावतं, त्याला मुहूर्ताशी देणंघेणं नसतं. नवरदेवाच्या गाडीवर लोक फुलं चिकटवतात, तिथे ठिपके कुणाच्या लक्षात आले नसावेत असं आम्ही मालकांना सांगितलं. ते त्यांनी मानलं नाही.

एका बाबतीत मात्र विनोद चालत नाही. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्याला पॉलिशचा थेंबही लागता कामा नये, आणि ब्रेकच्या तबकडीला तर मुळीच नाही. चारचाकीत बाजू वेगळी आणि रस्त्याला टेकणारा भाग वेगळा, म्हणून हे सांभाळता येतं. दुचाकी वळणावर कलते आणि टायरच्या कडेवर चालते. दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजकुमार एकदा बाईक ढकलत आला. "काका, उरलं असेल तर माझ्या टायरला पण मारा ना." मी बाटली पाठीमागे घेतली. त्याला वाटलं, काका कंजूष. वाटू दे. दुसऱ्याच्या पोराच्या बाईकला बुळबुळीत टायर करून देण्यापेक्षा कंजूष ठरलेलं परवडलं.

आणि आता या उपद्व्यापातला मला खरोखर आवडणारा भाग. टायरच्या बाजूवर अक्षरं असतात, उठावाची. त्यांच्या खाचांत स्पंज जात नाही, म्हणून दात घासायचा जुना ब्रश घ्यावा लागतो आणि नाक टायरपासून वीतभर अंतरावर न्यावं लागतं. इतक्या जवळून पाहिल्यावर माणूस वाचतोच. गाडीत बसणारे बहुतेक लोक वर्षानुवर्षं टायर वाचत नाहीत. मीही पॉलिश नसतं तर वाचला नसता. १६५/८० आर १४ हे काय, तर टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि आतल्या रिमचा व्यास १४ इंच. रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात. शेतजमीन गुंठ्यात आणि फ्लॅट चौरस फुटांत मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना यात वावगं काही वाटत नाही. पुढे ८५ टी. हा ८५ म्हणजे त्या एका टायरवर ५१५ किलो भार चालेल, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत वेग चालेल. सिंहगड रोडवर सकाळी नऊ वाजता हे वाचून काय वाटतं, ते मी लिहीत नाही.

कंपन्यांची नावंही त्या निमित्ताने डोळ्यांखालून जातात. एमआरएफ ही अक्षरं आमच्यापैकी अनेकांनी टायरच्या आधी सचिनच्या बॅटवर वाचली. पूर्ण नाव मद्रास रबर फॅक्टरी, आणि १९४६ साली सुरुवात झाली ती खेळण्यातल्या फुग्यांपासून. सिएटला मुंबईकर भांडुपची समजतात, पण तिचं माहेर इटलीतलं तुरिन, साल १९२४.

कामाचा मजकूर मात्र सगळ्यात बारीक अक्षरांत असतो. इंग्रजी डी, ओ, टी या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ, आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. २३१९ असं असेल तर हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. काही वेळा ही चौकट गाडीच्या आतल्या बाजूला तोंड करून असते, तेव्हा जमिनीवर जवळजवळ आडवं व्हावं लागतं. व्हावं. टायरचं वय त्याच्या नक्षीवरून कळत नाही, ते इथे कळतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षं झाली की कितीही चांगला दिसत असला तरी काढून टाकावा, असं मोठ्या टायर कंपन्या स्वतःच सांगतात. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. मोटारीसाठी कायद्यातला आकडाही तोच. त्यानंतर पावसात ब्रेक दाबणं ही श्रद्धेची बाब होते.

माझ्या आजोळी, परभणीकडे, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असायची. बैलांना धुऊन आणलं, की जू जिथे घासतं त्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं. मामा ते काम गड्यावर सोडत नसे. बोटांनी दाबून बघायचा, कुठे सूज आहे, कुठे कातडं सोललंय. बैल डोळे मिटून उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी मग शिंगांना रंग, बेगड, गोंडे, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा आणि वेशीतून मिरवणूक. आम्हा पोरांना अर्थातच शिंगांचं काम हवं असे, कारण रंगाचा डबा त्याच खात्याकडे होता. पण आदल्या दिवशीचे खांदे मळल्याशिवाय शिंगांना ब्रश लावायची कुणाची हिंमत नव्हती. मोटारीच्या बाबतीत आम्ही सगळे शिंगं रंगवणाऱ्या खात्यात भरती झालोय. टायरचा खांदा म्हणजे त्यातली हवा. हजार किलोच्या घरातली गाडी चार टायरांच्या ज्या भागावर उभी असते, तो प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढा. हवा कमी असेल तर टायरच्या कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग झिजतो, आणि ते काळं पॉलिश दोन्ही प्रकार सारख्याच इमानाने झाकतं.

दसऱ्याला हे सगळं शिगेला पोहोचतं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, जाळीला झेंडूची माळ, आरशात आपट्याची पानं. नवी गाडी असेल तर चाकाखाली लिंबू. चकचकीत टायर लिंबावरून जातो, लिंबू फुटतं, टाळ्या वाजतात. एसटीच्या डेपोपासून रिक्षा स्टँडपर्यंत प्रत्येकाची चाकं त्या दिवशी पूजेला बसतात, आणि मला ते मनापासून आवडतं. वर्षभर ज्यांनी खड्डे सोसले त्यांना एक दिवस हळदकुंकू मिळालं, तर त्यात कुणाचं काय गेलं?

फक्त एक बिचारा दसऱ्यालाही अंधारातच असतो, तो म्हणजे पाचवा. डिकीतल्या गालिच्याखाली, छत्र्या, रिकाम्या पिशव्या, बॅडमिंटनची तुटकी रॅकेट आणि कुणीतरी कधीतरी घेऊन ठेवलेल्या दोरीच्या गुंडाळीखाली दडपलेली स्टेपनी. तिला पॉलिश नाही, फूल नाही, लिंबू नाही. तिची आठवण होते ती रात्री साडेअकराला, खंबाटकी घाटाच्या आसपास, आणि तेव्हा तिच्यात हवा नसते. चार चाकांना आरशासारखं चमकवणारे लोक हिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, याचा मला राग येतो.

तेव्हा येत्या रविवारी पॉलिश लावा किंवा लावू नका, ती तुमची हौस. पण खाली बसालच तर शेवटचे चार आकडे वाचा. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना, जवळच्याच पंपावर जाऊन ती तपासून घ्या. तिथे डिकी उघडून सामान बाजूला करा आणि पाचव्यातही भरून घ्या. पोऱ्या कंटाळा करेल, त्याला गोड बोला. पेट्रोल पंपावर हवा अजून फुकट मिळते.